पुसू नकोस

बेरिल आली तेव्हा तिच्या मांडीवर एक फळी होती.
बॅग मागून आली, औषधांची पिशवी त्याच्याही मागून.
फळीवर जुन्या स्टॉकिंगनं करकचून बांधलेलं
पाच पानांचं काहीतरी,
पाडसाला नुकती शिंगं फुटावीत तसं.
मॅनेजरबाईंनी चष्मा लावून पाहिलं:
कुंडी नाही, माती नाही.
मग नियमात बसतं, म्हणाल्या.

याची आई नंडाच्या घरी राहिली, बेरिल मला सांगते,
परसातल्या आंब्याला बिलगून,
दोघांनी उचलायची म्हटलं तर तिसरा लागेल एवढी.
घर घेणाऱ्यांना ती आवडली. बेरिल नको होती.
तिनं पावाच्या सुरीनं एक पिल्लू कापून घेतलं
आणि मागच्या जिन्याची तिसरी पायरी उखडली,
क्लॅरी ज्या पायरीवर बसून बूट काढायचा, ती.
"विकत घेताना पायऱ्या कोण मोजतं, लोसा?"

पहिल्याच आठवड्यात मी चुकले.
पानांवर राखाडी लव होती, मी ओला फडका घेतला.
"पुसू नकोस! धूळ नाही ती.
पाणी उडून जाऊ नये म्हणून घातलेला कोट आहे तिचा."
एका पानाचा कोट मी उतरवून टाकला होता.
ते अजून जास्त हिरवं दिसतं. उघडं.

मग सफाईवाल्या नव्या मुलीनं
खालचं तपकिरी, कागदासारखं पान ओढलं.
खुब्याचं हाड मोडलं तेव्हाही न ओरडलेली बेरिल
अशी ओरडली की तेरा नंबरचे आजोबा काठी घेऊन आले.
ते ढालीचं पान. ते तसंच असतं.
त्याच्या पाठीमागे मुळं असतात, ओल असते,
आणि नाश्त्याच्या केळ्याची साल,
जी बेरिल नॅपकिनमध्ये लपवून आणते
आणि मी पाहिलेली नसते.
(मुंग्या झाल्या. मी त्याही पाहिल्या नाहीत.)

मंगळवारी आणि शनिवारी दोघींची आंघोळ.
आधी बेरिल, खुर्चीवर, कोमट पाण्यानं.
मग फळी, बादलीत उताणी, गार पाण्यात.
बुडबुडे येतात. आम्ही दोघी वाट बघत बसतो.
बुडबुडे थांबले की पोट भरलं.
आमच्या टोंगात माडांच्या खोडांवर नेचे आपसूक उगवतात,
कुणी त्यांना आंघोळ घालत नाही.
हे मी तिला कधी बोलले नाही.

बाकीच्या दिवशी तहान ओळखायची ती हातानं.
"बोट खुपसून काही कळत नाही. उचलून बघ.
हलकी लागली तर दे."
मी उचलायची, मला काहीच कळायचं नाही.
ती उचलायची, डोळे मिटायची,
बाजारात भोपळा जोखावा तशी,
आणि सांगायची: उद्या. किंवा: आत्ता.

हिवाळ्यात तिला खुर्चीवर घेताना
एका मंगळवारी माझे हात चपापले.
मी वजनाचा काटा मागवला नाही.
मला कळलं होतं.

ऑगस्टमध्ये नवी ढाल आली, ओल्या हिरव्या रंगाची,
आधी बशीएवढी, मग ताटाएवढी,
गाठीवरून, स्टॉकिंगवरून पसरत,
बुटांच्या टाचांनी पायरीला पडलेला खळगाही
तिनं काठापर्यंत झाकत आणला.
बेरिलनं विचारलं, "हे कुणाचं?"
क्लॅरीच्या पायरीवरचं, मी म्हटलं.
"क्लॅरी कोण?"

मी उत्तर शोधत राहिले.
मग खिळ्यावरून फळी काढली, तिच्या हातांवर ठेवली.
तिनं डोळे मिटले.
हात जरा वर, जरा खाली.
बाहेर कुकाबुरा खिदळून गप्प झाला.
"शनिवारपर्यंत थांब," ती म्हणाली.

बुधवार होता.
मी फळी परत टांगली.